पंतोजी ते सुलभक : बुलढाण्यातील वर्गाचा इतिहास

सरकारी शाळा येण्याआधी, बुलढाणा ज्यात येतो त्या वऱ्हाडच्या मोठ्या गावांतून पंतोजींच्या शाळा भरत, देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्या सावकाराच्या पडवीत. आधी धूळपाटीवर मुळाक्षरे, मग पाढे, पावकी, निमकी, औटकी, आणि टिकून राहिलेल्यांना मोडी व जमाखर्च. इयत्ता नव्हत्या. ज्याचे अक्षर बसले तो पुढे सरके, बाकीचे गिरवत बसत. थोरला मुलगा धाकट्याकडून परवचा म्हणून घेई. मुलाच्या गतीने शिकवणे आज नवे म्हणून सांगितले जाते; त्यातला निम्मा भाग या ओवरीत होताच. उरलेला निम्मा मात्र नव्हता. अर्थ विचारायची सोय नव्हती, छडी हाताशी असे, आणि मुली व अस्पृश्य ठरवलेल्या जातींची मुले शाळेबाहेरच राहत. पंतोजींचे पोट गावाच्या धान्यावर चाले, म्हणून त्यांना जाब विचारायचा तो गावानेच.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. पुढच्या दशकात शिक्षण खाते उभे राहिले आणि छापील क्रमिक पुस्तक, हजेरीपट, इयत्ता, वार्षिक परीक्षा हे सगळे शाळेत शिरले. शाळेची दारे हळूहळू जास्त मुलांना उघडली, ही मोठीच गोष्ट. पण मास्तरांचा धनी आता गाव राहिला नाही. तपासणीला दिपोटी, म्हणजे शिक्षण खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, येत आणि त्यांच्यापुढे मुले काय म्हणून दाखवतात यावर मास्तरांची किंमत ठरे. सगळ्या वर्गाने एका दिवशी एकाच धड्यावर असायचे, ही सवय तेव्हा लागली आणि नंतर कोणत्याही धोरणाला ती मोडता आली नाही. गुरुजी कसे शिकवतात हे पुष्कळदा ते हिशेब कोणाला देतात यावर ठरले, शिक्षणशास्त्रावर कमी.

या साचेबंद शाळेला मोठा विरोध वऱ्हाडाशेजारच्या वर्ध्यातून झाला. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिकवण्याची नई तालीम मांडली गेली. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. या प्रांताच्या काँग्रेस सरकारात रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली: शाळेला जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. 1939 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा पाठीराखाच गेला.

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्यानंतरची दोन-तीन दशके मुख्यतः शाळा गावोगावी पोचवण्यात गेली.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. कृती, शोध आणि बालकेंद्री पद्धत हे शब्द आता कायद्याच्या कलम 29 मध्येच आले. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. मुलाने आपले ज्ञान अनुभवातून स्वतः रचावे, या ज्ञानरचनावादासाठी सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांचा बोलबाला झाला आणि जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. भिंतींवर मुलांच्या हाताला येतील असे तळफळे आले, फरशीवर आकडे रंगवले गेले, गुरुजी ‘सुलभक’, म्हणजे शिकणे सोपे करून देणारे, झाले. या सगळ्यात कामाची ठरली ती शंभर मण्यांची माळ, दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. सदतीस दाखवायचे तर मूल तीन दशक ओलांडते आणि सात मणी सरकवते. चूक झाली तर ती त्याची त्यालाच दिसते, गुरुजींनी तोंड उघडायच्या आधी.

मात्र याच कार्यक्रमाबरोबर पायाभूत चाचण्या आल्या आणि राज्याच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीत माहिती भरणेही आले. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे पाच इयत्ता दोघांत वाटून घ्यायच्या. माळ एका गटाला देऊन दुसऱ्याकडे वळावे तर माहिती मागणारा फोन वाजतो. दिपोटी जाऊन पोर्टल आले, एवढाच फरक.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याशी, प्रश्न आणखी मागे सुरू होतो. तिथल्या काही वस्त्यांत निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते ठरलेले नाही, बोलणारे जेमतेम दोनेक हजार, लिपी स्वतःची नाही. पहिलीतले मूल जे पुस्तक उघडते ते मराठीचे असते. कलम 29 मध्ये शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही घरच्या भाषेचा आग्रह आहे. निहालीच्या बाबतीत ते ‘शक्य तिथे’ अजून शिक्षकाच्या हातात पोचलेले नाही; त्याच्या प्रशिक्षणात ही भाषा नसते आणि बदली झाली की तोवर कानावर पडलेले शब्दही त्याच्याबरोबर जातात.