वाड्यातला कुत्रा, माळावरचा लांडगा : बारामती-इंदापूरच्या कुरणांचा विस्मृत इतिहास #थ्रेड

आषाढात तुकोबांची पालखी बारामती सोडून पुढे निघाली की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. धनगरांच्या मेंढ्या पालखीभोवती धावतात. पुढे बेलवाडीला अश्वांचे रिंगण आणि त्यानंतर अंथुर्ण्याचा मुक्काम. वारीची ही वाट ज्या प्रदेशातून जाते, त्याचा पशुपालनाचा इतिहास वारीइतकाच, किंबहुना तिच्याहून जुना आहे. त्या इतिहासातील एक पात्र मात्र बखरींत येत नाही आणि गॅझेटियरांत जेमतेम दिसते : धनगराचा कुत्रा.

या कुत्र्याविषयी एक साधा प्रश्न विचारण्याजोगा आहे. दोनशे मेंढ्यांच्या मधोमध तो निवांत झोपतो. कोकरू त्याच्या अंगावरून उडी मारून जाते, तरी तो डोळा उघडत नाही. त्याच्याच जातकुळीचा गावातला कुत्रा तीच मेंढी एकटी सापडली तर तिच्या मागे धावतो. दोन-चार मिळाले तर तिला फाडतात. रक्त एक, दात तेच. फरक कशाचा?

उत्तराचा अर्धा भाग प्राणिशास्त्रात आहे आणि अर्धा इतिहासात. प्राणिशास्त्राचे आधी, थोडक्यात.

श्वानकुळातील शिकार ही एक कृती नसून अनेक कृतींची साखळी असते. भक्ष्य दिसताच त्याकडे वळणे, नजर रोखणे, दबा धरून सरकणे, पाठलाग, चावून पकडणे, ठार मारणे, फाडणे. लांडग्यात ही साखळी अखंड असते. माणसाने कुत्र्यात हजारो वर्षे निवड केली ती या साखळीच्या कड्यांची. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरील ‘बॉर्डर कॉली’त नजर रोखणे आणि सरकणे वाढवले, चावा दाबला, म्हणून तो मेंढ्या वळवतो पण मारत नाही. राखणीच्या कुत्र्यात जवळजवळ सगळी साखळीच मंद केली. आपल्याकडच्या मुधोळ किंवा कारवानी कुत्र्यात उलट पाठलागाची कडी तीव्र केली. ससा पळाला की तो थांबूच शकत नाही. अमेरिकेतील रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७०च्या दशकापासून राखणीच्या कुत्र्यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून ही मांडणी रूढ झाली.

मात्र निवडीने सगळे साधत नाही. राखणीच्या वाणाचे पिल्लू मेंढ्यांपासून दूर वाढवले तर मोठेपणी तेही कोकराशी ‘खेळता खेळता’ त्याला जखमी करते. १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी पिल्लांच्या जडणघडणीवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा आठवड्यांपर्यंत माणसाच्या संपर्काशिवाय वाढलेली पिल्ले पुढे माणसाला कायम बिचकत राहिली. सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळात पिल्लू ज्यांच्यात वावरते, ते त्याचे आप्त होतात. माणूस असो, मेंढी असो वा मांजर. हे दार नंतर पूर्ण बंद होत नाही, पण फार जड होते.

आता इतिहास.

दख्खनमध्ये कुत्रा आणि गुरेमेंढरे एकत्र दिसतात ती ताम्रपाषाण काळापासून. शिरूर तालुक्यातील इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील जोर्वे संस्कृतीच्या वसाहतीत गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या यांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडे मिळाली. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या कांस्यमूर्तींतील प्रसिद्ध रथ अनेकांनी चित्रात पाहिला असेल : दोन बैल, उभा सारथी. त्या रथाच्या दांडीवर, बैल आणि सारथी यांच्या दरम्यान, एक लहानसा कुत्रा उभा आहे. या मूर्तींच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे, पण त्या कारागिराला बैलांच्या शेपटीमागे शांत उभा राहणारा कुत्रा ही नवलाची गोष्ट वाटली नसावी.

बारामती, इंदापूर, फलटण, माण हा पर्जन्यछायेचा पट्टा. वर्षाकाठी साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस, उथळ माती, खाली मुरूम. येथे दाट रान होत नाही, गवत होते. याच गवतावर भीमथडीची तट्टे पोसली गेली, ज्यांच्या पाठीवर मराठ्यांची घोडदळे दौडली. आणि याच गवतावर हटकर धनगरांचे कळप वाढले. पावसाळा गावाजवळच्या माळावर, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात, उन्हाळ्याअखेर परत. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या. लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे. इरावती कर्वे, गुंथर सोन्थायमर, कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ अशा अभ्यासकांनी या जीवनक्रमावर विपुल लिहिले आहे.

या फिरत्या बिऱ्हाडाला ‘वाडा’ म्हणतात. शनिवारवाड्याशी त्याचा संबंध नाही. त्याला भिंतीच नसतात. जाळी, मेंढ्या, घोडी, कोंबड्या, बायापोरे आणि कुत्री एवढा त्याचा पसारा. कुत्रीची वीण वाड्यातच होते. पिल्लांचे डोळे उघडतात तेव्हा समोर कोकरे असतात, नाकात लोकरीचा आणि लेंड्यांचा वास असतो. कोणी त्यांना ‘बस’, ‘थांब’ शिकवत नाही. जे पिल्लू कोकराच्या मागे लागते त्याला मेंढीची धडक बसते किंवा धनगराची काठी; त्यातूनही जे सुधारत नाही ते वाड्यात टिकत नाही. प्रयोगशाळेने १९६१ मध्ये जे मोजले, त्यावर वाडा पिढ्यान्‌पिढ्या उभा होता.

याला जगाच्या दुसऱ्या टोकाचा एक साक्षीदार आहे. १८३३ मध्ये तरुण चार्ल्स डार्विन आजच्या उरुग्वेतील कुरणांवर फिरत होता. मैलोगणती माणूस नाही आणि एकदोन कुत्री मोठा कळप राखत आहेत, हे पाहून तो चकित झाला. त्याने चौकशी केली तेव्हा कळले की पिल्लू अगदी लहानपणी आईपासून तोडतात, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीच्या आचळाला लावतात, मेंढवाड्यात लोकरीचे अंथरूण करून देतात आणि इतर कुत्र्यांत वा घरच्या मुलांत मिसळू देत नाहीत. मोठे झाल्यावर ते कळप सोडून जातच नाही. दख्खनची रीत याहून सैल. येथील कुत्रा मेंढ्यांचाही असतो आणि माणसांचाही; म्हणूनच कदाचित तो डार्विनने पाहिलेल्या कुत्र्याइतका एकलकोंडा नाही.

राखण कोणापासून? लांडग्यापासून. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी दख्खनमध्ये वर्षानुवर्षे फिरला. १८३१ मध्ये त्याने येथील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यात आपल्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपेस’ म्हणजे फिकट पायांचा असे शास्त्रीय नाव दिले. कोळसुनाला त्याने ‘दुखुनेन्सिस’, अर्थात दख्खनचा, म्हटले. त्याच नोंदीत गावोगावची बेवारस कुत्री आहेत आणि बंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर चालणारा, बळकट, इराणी ग्रेहाउंडसारखा कुत्राही आहे. रानटी, गावचा आणि तांड्याचा असे तिघे एकाच यादीत शेजारी बसलेले आहेत. माळावरही ते शेजारीच राहत होते.

धनगराचा कुत्रा लांडग्याला लोळवतो ही कल्पना मात्र सोडून द्यावी. तो अंगाने बेताचा असतो. त्याचे काम भुंकण्याचे. लांडगा दबा धरून, चोरपावलांनी येतो. चाहूल लागून धनगर उठला, की त्याची संधी गेली. बाकी काम काठीचे आणि आरोळीचे.

लोकधर्माने ही गुंतागुंत शास्त्राच्या फार आधी ओळखली होती. जेजुरीच्या खंडोबाबरोबर घोडा असतो तसा कुत्राही असतो. त्याची दुसरी पत्नी बाणाई ही धनगराची लेक; तिच्यासाठी देव वाड्यावर मेंढपाळ होऊन राहिला, अशी कथा आहे. खंडोबाला वाहिलेले भक्त ते वाघ्ये. नाव वाघावरून, भंडाऱ्याची पिशवी परंपरेने वाघाच्या कातड्याची. आणि विधीत मात्र ते देवाचे कुत्रे होतात, भुंकतात, कोटंब्यातले अन्न कुत्र्यासारखे खातात. सोन्थायमर यांनी या वाघ-कुत्रा अभेदाकडे लक्ष वेधले आहे. राखणारा आणि फाडणारा एकाच अंगात वसतात, हे ज्यांना रोज सांजेला कळप मोजताना जाणवत होते, त्यांचा हा देव आहे.

मग चित्र बदलले. १८७६-७८च्या भीषण दुष्काळात कामे काढली गेली, त्यांतून नीरा डावा कालवा उभा राहिला. १८८५च्या सुमारास पाणी वाहू लागले. पुढे भाटघरचे धरण झाले, १९२०च्या दशकात ते वाढवले गेले. कालव्याखाली ऊस आला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वालचंदनगर वसवले. अंथुर्णे त्याच परिसरात येते. या पाण्याने दुष्काळी तालुक्याचे दैन्य फेडले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण सरकारी दप्तरात माळ ‘पडीक’ होता. ज्यावर घोडी, मेंढ्या, चिंकारा, खोकड, लांडगा आणि काही हजार कुटुंबे जगत होती, त्याची नोंद पिकाचा अभाव एवढीच झाली.

माळ आक्रसला तसे चराईचे मार्ग अडले, वाडे घटले, पोरे शाळेत आणि कारखान्यात गेली. कुत्री राहिली. उलट वाढली. बाजार, हॉटेलांचे उष्टे, कोंबड्यांच्या पोल्ट्रीचा टाकाऊ माल, मेलेले जनावर हे त्यांचे अन्न झाले. वाड्याने जी शिस्त पहिल्या बारा आठवड्यांत लावली असती, ती लावणारे कोणी उरले नाही. पाठलागाची कडी मात्र शाबूत होती.

परिणाम कुरणांवर दिसतो. बारामती तालुक्यातील सुप्याजवळ १९९७ मध्ये चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचे कुरण आहे. अशा तुकड्यांभोवती गावे आहेत आणि गावात मोकळी कुत्री. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरील अभ्यासात दिसले की कुत्रा नुसता जवळ असला तरी खोकड अन्नाकडे यायला कचरते. आणि भोवतालच्या गावांतील कुत्र्यांत डिस्टेंपर, पार्व्हो या विषाणूंचा संसर्ग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलेला होता. चावा न घेताही कुत्रा रानाला असा भारी पडतो.

आणि सर्वांत विलक्षण वळण लांडग्याचे. पुण्याजवळच्या माळरानांवर ग्रासलँड्स ट्रस्टच्या निरीक्षकांना पिवळसर, वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले. बंगळुरूच्या एट्री आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांबरोबर त्यांची जनुकीय तपासणी झाली, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने लांडगा-कुत्रा संकर सिद्ध केला. साइक्सच्या यादीतील शेजाऱ्यांमधली भिंत पडली होती. कायद्याने भारतीय लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे; पण कायदा शिकाऱ्याला अडवू शकतो, कुत्र्याच्या सोयरिकीला नाही. लांडग्यांची संख्या विरळ झाली, जोडीदार मिळेना आणि कुत्री सर्वत्र झाली, तेव्हा हे होणारच होते.

दरम्यान बारामतीच्या बंगल्यांत आणि पुण्याच्या सदनिकांत लॅब्राडॉर, हस्की, जर्मन शेफर्ड आले. ही नावेही जुन्या कामांची आहेत. एक पडलेला पक्षी हलक्या तोंडाने आणण्यासाठी घडवला, दुसरा बर्फात गाडी ओढण्यासाठी, तिसरा कळपाच्या कडेने अखंड फेऱ्या घालण्यासाठी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये श्वानप्रदर्शने सुरू झाली आणि कामाची जागा रूपाने घेतली. कड्या मात्र रक्तात राहिल्या. शेतावर नेलेला असा कुत्रा पहिल्यांदाच शेळी पाहतो आणि साखळी हिसडून धावतो, तेव्हा मालक ‘घरी तर किती गरीब आहे’ म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. घरी शेळी नसते, एवढेच.

अशा कुत्र्याला शेळीची ओळख करून देता येते, पण ती आता वाड्याच्या उलट क्रमाने करावी लागते. दुरून, दोरीवर, जनावर निवांत चरत असताना, रोज थोडी थोडी. कुत्रा नजर काढून घेतो तेव्हा त्याला शाबासकी द्यायची आणि जनावर पळू लागेल इतक्या जवळ त्याला न्यायचेच नाही, कारण पळणारी पाठ दिसली की साखळीची पुढली कडी आपोआप ओढली जाते. यात महिने जातात. काहींच्या बाबतीत दोरी कायमच ठेवावी लागते. कुरणाच्या कडेला राहणाऱ्याने तर ती सोडूच नये.

दिवाळीनंतर आजही काही वाडे याच तालुक्यांतून घाटाकडे निघतात. पुढे मेंढ्या, मागे घोडी. घोडीच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, जाळी. आणि त्या ओझ्यात, ज्यांना अजून एवढे चालवत नाही अशी कोकरे आणि कुत्र्याची पिल्ले, एकमेकांना चिकटून.