खरेदीखत आणि बक्षीसपत्र



गेल्या ऑक्टोबरमध्ये मी लेकीकडे न्यू जर्सीला होते. एका रविवारी सकाळी जावई म्हणाले, "आई, चला, आज तुम्हाला दलदल दाखवतो." मी मनात म्हटलं, दलदल काय बघायची? आमच्या गावी पावसाळ्यात ओढ्याकाठी हवी तेवढी असते. पण मुलांचा उत्साह मोडवेना, म्हणून निघाले.

एडिसनहून पाऊण तासावर ग्रेट स्वॅम्प नावाचं अभयारण्य आहे. लाकडी फळ्यांची पायवाट, दोन्ही बाजूंना काळं, संथ पाणी, पाण्यातच उभी झाडं आणि ओंडक्यावर ऊन खात बसलेली कासवं. न्यूयॉर्कच्या त्या गगनचुंबी इमारती इथून जेमतेम चाळीसेक किलोमीटरवर आहेत, हे सांगूनही खरं वाटू नये. परतताना माहिती केंद्राला दिलेलं नाव वाचलं, हेलन फेन्स्के. कुणी मोठ्या शास्त्रज्ञ असतील असं मला वाटलं. लेक म्हणाली, "नाही गं आई, हे सगळं सुरू झालं तेव्हा ती तुझ्यासारखी घर सांभाळणारी बाई होती."

मग मला राहवेना. पुढचे आठ-दहा दिवस नात शाळेत गेली की मी तेच वाचत बसायचे. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, नोकरी कधी केली नाही, पण कुठलीही गोष्ट व्यवहाराच्या बाजूने समजून घ्यायची खोड काही गेली नाही. म्हणून या दलदलीची गोष्टही तिच्या तीन व्यवहारांतून सांगते.

पहिला व्यवहार १७०८ सालचा. त्याआधी हजारो वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या शेवटी, बर्फ वितळून इथे एक प्रचंड सरोवर झालं होतं. पाणी ओसरलं, पण सखल भागात चिकणमाती आणि ओल राहिली, तीच ही दलदल. इथले मूळ रहिवासी म्हणजे डेलावेअर आदिवासी. त्यांनी दलदलीसकट ३०,००० एकर जमीन इंग्रज गुंतवणूकदारांना लिहून दिली. मोबदला काय? रमचं एक पिंप, १५ पातेली, ४ पिस्तुलं, ४ तलवारी, आणखी काही सामान आणि रोख ३० पौंड. म्हणजे रोखीत बघितलं तर हजार एकरांना एक पौंड! जमीन कायमची विकून टाकायची, ही कल्पनाच त्या लोकांच्या रीतीत नव्हती, असं इतिहासकार सांगतात. एका बाजूला खरेदीखत कळत होतं, दुसऱ्या बाजूला नाही. असा व्यवहार कागदावर पक्का असला तरी मनाला पटत नाही.

नवीन मालकांनी झाडं तोडली, चर खणून पाणी काढलं, शेती केली, दलदलीतलं गवत कापून गुरांना घातलं. पण छोटी शेती परवडेना. एकेक शेतकरी निघून गेला आणि सोडलेल्या जमिनीवर पुन्हा रान आणि पाणी आलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही जमीन खाजगी मालकांच्या नावावर होती, पण बहुतेकांच्या लेखी ती 'पडीक'च.

दुसरा व्यवहार खरा महत्त्वाचा. १९५८ च्या सुमारास जेट विमानांचा प्रवास सुरू झाला आणि त्यांना मोठे विमानतळ हवे झाले. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांची मिळून एक पोर्ट ऑथॉरिटी आहे, १९२१ पासूनची. बंदरं, पूल, विमानतळ सगळं तिच्याकडे. ३ डिसेंबर १९५९ ला नेवार्कच्या वर्तमानपत्रात बातमी आली की ऑथॉरिटी ग्रेट स्वॅम्पच्या जागी १०,००० एकरांचा जेट विमानतळ करायचं म्हणते आहे. आजूबाजूच्या गावांना हे पेपरातूनच कळलं.

इथे एक कायद्याची गोष्ट समजून घ्यायला हवी. सार्वजनिक कामासाठी सरकार खाजगी जमीन मोबदला देऊन घेऊ शकतं. आपण त्याला भूसंपादन म्हणतो. हा अधिकार तिकडेही आहे. राज्याने एकदा हो म्हटलं की मालकांच्या नाही म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. जमीन खाजगी आहे तोवर ती जाऊ शकते. पण जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मालकीची असेल तर? मग राज्यांची संस्था ती ताब्यात घेऊ शकत नाही. या एका मुद्द्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

ठरलं असं: दलदलीची जमीन मालकांकडून बाजारभावाने विकत घ्यायची आणि केंद्र सरकारला अभयारण्यासाठी दान करून टाकायची. आधी खरेदीखत आणि लगेच बक्षीसपत्र! हेलन फेन्स्के जवळच्याच ग्रीन व्हिलेजमध्ये राहायच्या. घर, मुलं सांभाळत त्यांनी माणसं जोडायला सुरुवात केली. पत्रं, फोन, सभा, वर्गणी. शेजारणी आल्या, पक्षीप्रेमी आले, बागकाम मंडळाच्या बायका आल्या. जमीन कायदेशीर घेण्यासाठी नॉर्थ अमेरिकन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेखाली ग्रेट स्वॅम्प कमिटी काम करू लागली. नोव्हेंबर १९६० मध्ये कागदोपत्री अभयारण्य स्थापन झालं, पण ऑथॉरिटी हटली नव्हती. १९६१ च्या अहवालातही तिने हीच जागा पुढे केली. म्हणजे शर्यतच होती. आधी कोण, विमानतळ की वर्गणी?

वर्गणी जिंकली. हजारो लोकांनी मिळून दहा लाख डॉलरहून जास्त पैसे जमवले. त्यातून सुमारे ३,००० एकर घेतले गेले आणि सरकारला दिले गेले. साधा भागाकार केला तर एकरी सव्वातीनशे-साडेतीनशे डॉलर. २९ मे १९६४ ला केंद्रीय मंत्री स्टुअर्ट उडाल यांच्या हस्ते अभयारण्याचं लोकार्पण झालं.

मला यात सर्वांत काय भावलं सांगू? आपण जमीन घेतो ती मुलाबाळांच्या नावावर करायला, भाव चढला की विकायला. या लोकांनी पोटाला चिमटा काढून जमीन घेतली आणि तिच्यावर स्वतःचं नाव लागूच दिलं नाही. अपरिग्रहाचं व्रत आपण दशलक्षणात दहा दिवस ऐकतो. ते शब्द ज्यांनी कधी ऐकलेही नसतील, त्यांनी सातबारा सोडून दाखवला.

तिसरा व्यवहार त्यानंतरचा आणि तो इतका गोड नाही. १९६८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अभयारण्याच्या पूर्वेकडच्या ३,६६० एकरांना 'वाइल्डरनेस' म्हणजे निखळ रानाचा दर्जा दिला. त्यांच्या गृह खात्याच्या जमिनींवरचं हे असं पहिलंच रान. त्यामुळे विमानतळाचा विषय कायमचा मिटला. पण या दर्जाचा अर्थ तिथे रस्ता नाही, घर नाही, मोटार नाही. आतला रस्ता बंद झाला, बांधकामं हटवली गेली. पुढे सरकारने आणखी जमिनी घेतल्या आणि आज अभयारण्य ७,८०० एकरांच्या आसपास आहे. त्या वाढीव जमिनींवर कुणाची तरी घरं होती, कुणाचं तरी परस होतं.

हे वाचताना मला माझं माहेर आठवलं. मी कॉलेजात असताना कालव्यासाठी आमची दीड एकर जमीन गेली. मोबदला ठरला, पण हातात पडायला वर्षं लागली. अण्णा दर महिन्याला एसटीने तालुक्याला जायचे आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचे. बांधावरचं आंब्याचं झाड आईने स्वतः लावलेलं. ते तोडलं त्या दिवशी ती जेवली नाही. त्याच कालव्याने नंतर खालच्या चार गावांची शेती भिजली, हेही खरं. आईला कुणी तसं सांगितलं की ती म्हणायची, "चांगलं झालं. पण माझं झाड होतं ते." त्यामुळे 'सार्वजनिक हित' हा शब्द मी सहज उच्चारत नाही. हित खरं असलं तरी त्याची किंमत एखाद-दोन घरंच भरतात. ती किंमत पूर्ण आणि वेळेवर चुकवणं हे बाकीच्यांचं कर्तव्य. न्यू जर्सीच्या लोकांनी निदान सुरुवात तरी दुसऱ्याची जमीन ओरबाडून केली नाही, पदरचे पैसे मोजून केली.

आणखी एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. या कामात सर्वांत मोठा हात देणाऱ्यांपैकी एक होते मार्सेलस हार्टली डॉज. स्वतःचा पैसा घालून त्यांनी जमीन मिळवून दिली. पण त्यांची श्रीमंती आली कुठून? रेमिंग्टन कंपनीतून, म्हणजे बंदुका आणि काडतुसांतून. शिवाय अमेरिकेत १९३४ पासून बदकांच्या चित्राचं एक सरकारी तिकीट निघतं. पाणबदकांच्या शिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं आणि त्याचा जवळजवळ सगळा पैसा अशा पाणथळ जमिनी घ्यायला जातो. पक्षीप्रेमीही ते हौसेने घेतात. खुद्द ग्रेट स्वॅम्पमध्ये दरवर्षी ठरावीक दिवशी हरणांची शिकार होऊ देतात, कारण हरणं फार वाढली की रान खाऊन टाकतात.

हे कळल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होते. नात म्हणाली, "आजी, आपण ते बदकाचं तिकीट घेऊ ना, किती छान आहे!" मला ते घेववेना. त्या तिकिटावर कुणीतरी बंदूक उचलतो, हे माहीत असताना कसं घ्यायचं? पण त्याच पैशांतून घेतलेल्या पाण्यावर लाखो पक्षी उतरतात, हेही नाकारता येईना. शेवटी पुन्हा अभयारण्यात गेलो तेव्हा तिथल्या देणगीपेटीत मी तेवढे २५ डॉलर टाकले. नातीला म्हटलं, "तिकीट नको, पैसे देऊया." बरोबर केलं की मनाची समजूत घातली, मला अजून ठरवता येत नाही. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.

लहानपणी आमच्या आडावर आजी पाणी गाळायची. गाळून झालं की गाळणं उलटं करून, वर राहिलेले जीव थोड्या पाण्याने धुऊन, कडीच्या कळशीतून हळूच परत त्याच आडात सोडायची. एकदा मी आळसाने ते पाणी परसातल्या हौदात ओतलं. आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात गेले पाहिजेत. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत."

ग्रेट स्वॅम्पमध्ये चार इंचांचं एक कासव राहतं, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत छोटं. निळ्या ठिपक्यांचा सॅलमँडर नावाचा सरड्यासारखा दिसणारा जीव राहतो. तो वसंतात साचणाऱ्या उथळ डबक्यांतच अंडी घालतो आणि न्यू जर्सीत फार थोड्या जागी उरला आहे. विमानतळ आणखी कुठे तरी करता आला असता. या जीवांना सांगता आलं नसतं, की बाबांनो, तुम्ही दुसरीकडे जा.

आजीला हे कळायला पुस्तक लागलं नाही. हेलनबाईंना त्यासाठी तीन हजार एकर विकत घ्यावे लागले. २००७ मध्ये त्या गेल्या, पण त्यांच्या दलदलीत कासवं अजून उन्हाला येऊन बसतात. मी पाहिली आहेत.

जय जिनेंद्र.