चिचेन इत्साचा रस्ता

मी इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा सातवीतच सुटली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा माया संस्कृतीवर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा आव नाही. परंतु काही वर्षांपूर्वी कामगारांच्या एका परिषदेनिमित्त मेक्सिकोत जाणे झाले. परिषद आटोपल्यावर आम्ही नऊ प्रतिनिधींनी वर्गणी काढली, एक वाटाड्या ठरवला आणि युकातान प्रांतातील प्राचीन अवशेष पाहिले. तेथे काय सांगितले गेले आणि काय सांगायचे राहिले, त्याचीच ही हकीकत.

चिचेन इत्साच्या पिरॅमिडसमोर उभे करून वाटाड्याने आम्हांस चारही बाजूंच्या पायऱ्यांचा हिशेब सांगितला. प्रत्येक बाजूस ९१, आणि माथ्याची एक धरून ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस. वसंतसंपाताच्या सुमारास मावळत्या उन्हात उत्तरेच्या कठड्यावरून सापाच्या आकाराची छाया सरकते, हेही त्याने सांगितले. हे सारे खरे आहे. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि असे हे माया लोक एके दिवशी गूढ रीतीने नाहीसे झाले!" मंडळी हळहळली. पाचच मिनिटांत त्याचा फोन वाजला आणि तो आईशी बोलू लागला. भाषा स्पॅनिश वाटेना, म्हणून मी विचारले, कोणती? "माया," तो सहज म्हणाला.

नाहीसे झाले म्हणजे काय? दक्षिणेकडील अरण्यातील मोठी नगरे नवव्या शतकात ओस पडू लागली, हे खरे. राजे गेले, शिलालेख कोरणे थांबले. परंतु माणसे राहिली. आजही मेक्सिको व ग्वातेमालात लाखो लोक मायाकुळातील सुमारे तीस भाषा बोलतात. मला तर ही गूढाची गोष्ट फार सोयीची वाटते. ज्याचे पूर्वज नाहीसे झाले, त्याला वारसा कसला मागता येणार?

बांधणाऱ्यांविषयी वाटाड्या काहीच बोलला नाही. लोखंडाचे हत्यार नाही, ओझ्याचे जनावर नाही, चाकाची गाडी नाही. दगड वाहिला तो माणसाच्या पाठीने. चुनखडी भाजून चुना करायचा, त्यासाठी लागणारे लाकूडही तसेच तोडून आणायचे. या देशात मूर्तिकारांनी शिळांवर आपल्या सह्या केल्या आहेत. पिएद्रास नेग्रास येथे तर एकाच शिळेवर अनेक कारागिरांच्या सह्या आहेत. ते वाचून मला फार आनंद झाला होता. पाथरवटांच्या आणि हमालांच्या सह्या मात्र कुठे नाहीत.

पुढे स्पॅनिश आले. १५६२ साली मानी गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया ग्रंथांची होळी केली. १८४७ साली माया शेतकऱ्यांनी मोठे बंड केले, ते अर्धशतकभर धुमसत राहिले. त्याच काळात युकातानात घायपाताचे अफाट मळे उभे राहिले. आपल्याकडे बांधावर लावतात त्याच जातीचे हे झाड. त्याच्या वाखाच्या सुतळीने अमेरिकेतील यंत्रे गव्हाच्या पेंढ्या बांधीत. मळ्यावरच्या मजुराला मालकाची उधारी कधी फिटू नये अशीच व्यवस्था होती आणि उधारी फिटेपर्यंत मळा सोडण्याची मुभा नव्हती. वेठबिगारी आणखी वेगळी ती काय असते?

या मजुरांना संघटित करणारांत फेलिपे कारियो पुएर्तो हा मोतुल गावचा, एके काळी रेल्वेत नोकरी केलेला गृहस्थ प्रमुख होता. कर्जाने बांधलेल्या मजुरांची मुक्तता त्याच्या आधी, १९१४-१५ च्या सुमारासच सुरू झाली होती. त्याने गावोगाव कामगार-शेतकऱ्यांचे संघ बांधले आणि १९२२ साली तो युकातानचा गव्हर्नर झाला. अधिकार घेताना पहिले भाषण त्याने माया भाषेत केले. मळेवाल्यांना त्या दिवशी काय वाटले असेल! त्याने गावांना जमिनी परत दिल्या, विद्यापीठ काढले, आणि १९२३ साली झितासच्या रेल्वे स्टेशनापासून चिचेन इत्सापर्यंत मोटारीचा रस्ता केला. पुढे संशोधक आले, प्रवासी आले, ते या रस्त्याने. पण मळ्यातल्या मजुराला आपल्या पूर्वजांचे काम पाहता यावे, हाही त्यात हेतू होता. त्याच वर्षाअखेर सैन्यातील बंडखोरांनी त्याला पकडले आणि ३ जानेवारी १९२४ रोजी मेरिदा शहरात, तीन भावांसह, गोळ्या घातल्या.

रस्ता झाला, तरी पिरॅमिडखालची जमीन खाजगी मालकीचीच राहिली. राज्य सरकारने ती विकत घेतली ती थेट २०१० साली. आज आवारात लाकडी मुखवटे विकणारे माया स्त्रीपुरुष बसलेले दिसतात. आमच्यातील एकाने त्यांच्याशी घासाघीस केली, त्याचे मला वाईट वाटले.

मेरिदाला परतल्यावर मी वाटाड्यास म्हटले, कारियो पुएर्तोला जेथे मारले ती स्मशानातील भिंत दाखव. तो चपापला. कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हते. बस सुटायला तासभर होता. बाकीची मंडळी आईस्क्रीम खायला गेली आणि आम्ही तिघे निघालो. भिंतीपाशी त्याने टोपी काढली. त्याचे पणजोबा घायपाताच्या मळ्यावर पाने तोडत असत, असे तो म्हणाला. मग त्याने मळ्याचे नाव, मुकादमाचे नाव, उधारीचा आकडा सारे सांगितले. येताना बस चुकता चुकता राहिली.