प्रस्तावना : शहापूर-मुरबाडच्या अन्नाचे रसायन

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते नव्याने प्रसिद्ध केले. देशाचे सहा विभाग पाडून गोळा केलेले ५२८ खाद्यपदार्थ आणि त्यांतल्या १५१ घटकांची मोजमापे त्यांत आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात आठ मिलिग्रॅमसुद्धा नसते, असे आज आपण खात्रीने सांगू शकतो ते या कामामुळे. या विषयात येणाऱ्याने हे तक्ते कायम हाताशी ठेवावेत. पण तेच तक्ते घेऊन पावसाळ्याच्या तोंडावर शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीच्या बाजारात उभे राहावे. टोपल्यांत शेवळे असतात, लोत असते, कोळीची भाजी, कुर्डू, टाकळा, भारंगी, कर्टोली, बांबूचे कोंब असतात. काळू आणि शाई या नद्यांच्या खोऱ्यांत, माहुलीच्या उतारांवर जे जे उगवते आणि खाल्ले जाते, ते सगळे देशपातळीवरच्या एका तक्त्यात मावणे शक्य नाही. उरलेले काम त्या त्या परिसरातल्या माणसांनी करायचे असते. त्या कामासाठी तुमचे मनापासून स्वागत.

हा विषय मुळात गरजेतून जन्मला. १९१८ साली रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू केले. तांदूळ अति सडल्याने कोंड्याबरोबर ब१ जीवनसत्त्व निघून जाते आणि माणसे आजारी पडतात, हा त्या काळातला जळता प्रश्न होता. त्या खोलीतूनच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पहिली पुस्तिका काढली, आणि सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली तिला जे रूप दिले ते पुढची कित्येक दशके प्रत्येक आहारतज्ज्ञाच्या टेबलावर राहिले.

या परंपरेत एक नाव आपल्या फार जवळचे आहे. डॉ. कमला सोहोनी या विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. १९३९ साली केंब्रिजची ही पदवी घेऊन त्या परतल्या, काही काळ कुन्नूरलाच होत्या आणि नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी घडवले. त्यांनी निवडलेले विषय पाहण्यासारखे आहेत : कडधान्यांतली प्रथिने, त्या प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक, आणि नीरा. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. ताडाच्या झाडावरून उतरवलेल्या, गरिबाला परवडणाऱ्या पेयात नेमके काय आहे, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या योग्यतेचा आहे असे त्यांनी मानले. त्यांची थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत, लोकसंस्कृतीच्या थोर अभ्यासक आणि ‘खमंग’ या पाककृतींच्या पुस्तकाच्या लेखिका. एकाच घरातल्या या दोघींनी अन्नाचा दोन बाजूंनी विचार केला. शहापूर-मुरबाडच्या अन्नाचा अभ्यास करणाऱ्याला या दोन्ही बाजू एकाच डोक्यात ठेवाव्या लागतात, हे मला सर्वांत आधी सांगायचे आहे. पाड्यावर भाजी कशी खुडतात, कशी चिरतात, कशात शिजवतात हे ज्याने पाहिले नाही, त्याने काढलेला आकडा अचूक असूनही अर्धवट राहतो.

पद्धती जुन्या आहेत आणि त्यातच त्यांचे बळ आहे. नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवला की ओलावा कळतो. साधारण ५५० अंशांच्या भट्टीत जाळला की राख उरते आणि राखेत खनिजे. सॉक्सलेट यांनी १८७९ साली बनवलेल्या उपकरणाने स्निग्धांश काढता येतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत केल्डाल यांनी १८८३ साली बसवलेल्या पद्धतीने नायट्रोजन मोजता येतो आणि त्याला ६.२५ने गुणून प्रथिनांचा अंदाज येतो. तांदळासाठी हा गुणक ५.९५ धरतात. या पद्धतीला सगळा नायट्रोजन सारखाच दिसतो, तो प्रथिनातला की आणखी कशातला हे तिला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळले गेले ते याच फटीतून. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे पाणी घातलेले दूध चाचणीत प्रथिनयुक्त ठरत होते आणि इकडे लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होत होते. कोणती पद्धत काय पाहू शकत नाही, हे पद्धतीबरोबरच शिकावे.

कॅल्शियमचे उदाहरण जरा जवळून पाहू. नागलीची, म्हणजेच नाचणीची, राख आम्लात विरघळवायची, गाळायची, त्यात अमोनियम ऑक्झलेट घालून द्रावण हळूहळू अल्कधर्मी करायचे. पांढरा, बारीक साका बसू लागतो. तो कॅल्शियम ऑक्झलेट. तो गाळून, धुऊन, विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचा आणि साठ-सत्तर अंशांवर गरम असतानाच ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट सोडायचे. पहिले थेंब रंग सोडायला वेळ घेतात, मग भराभर विरून जातात आणि एका थेंबाला फिकट गुलाबी छटा टिकून राहते. तिथे थांबायचे. नळी, चंबू, तराजू आणि धीर एवढ्यावर नागलीतले कॅल्शियम हाती येते. त्यासाठी लाखो रुपयांचे यंत्र लागत नाही.

आता हाच पांढरा साका शेवळ्यात पाहा. शेवळे हे सुरणाच्या कुळातले. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारा त्याचा कोंब म्हणजे खरे तर फुलोरा. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडीने असतात आणि महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ते दिसतात. घशाला खाज सुटते ती या सुयांमुळे आणि त्यांच्या सोबतच्या प्रथिनांमुळे. म्हणून शेवळ्याबरोबर काकडाची आंबट फळे घेतल्याशिवाय कोणी जाणती बाई भाजी करत नाही. बाजारातही शेवळ्याच्या जुडीशेजारी काकडांचा वाटा लागलेला असतो. पुस्तकी उत्तर पटकन तोंडावर येते की आंबटपणाने स्फटिक विरघळतात. पण कॅल्शियम ऑक्झलेट तीव्र आम्लात विरघळते, फळांतल्या सौम्य आम्लांत फारसे विरघळत नाही. प्रयोगशाळेत आपण त्याचा साका गाळून वेगळा करू शकतो ते त्याच्या याच चिवटपणामुळे. मग काकडाचे काम काय? आम्ल आणि उष्णता मिळून सुयांसोबतच्या प्रथिनांना निकामी करतात का? तेलात परतण्याचा वाटा किती आणि शिजण्याच्या वेळेचा किती? एकाच टोपलीतली शेवळी तीन भागांत वाटावीत. एक भाग काकडाबरोबर, एक चिंचेबरोबर, एक नुसत्या पाण्यात, सारखा वेळ शिजवावा; मग तिन्हींतले एकूण आणि पाण्यात विरघळणारे ऑक्झलेट मोजावे आणि सुया सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. पदवीच्या विद्यार्थ्याला पेलण्यासारखा हा प्रयोग आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्वयंपाकाला त्यातून नेमके उत्तर मिळू शकते.

कडू कंदांची गोष्ट याहून गंभीर आहे. कातकरी आणि ठाकूर कुटुंबांत हे कंद पातळ चिरून, राखेच्या पाण्यात उकडून, मग ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगे करतात. कडवटपणा येतो तो डायोस्बल्बिन गटातल्या संयुगांमुळे आणि ती यकृताला घातक आहेत. या संयुगांत लॅक्टोनची कडी असते. राखेच्या अल्कधर्मी पाण्यात ती उघडली तर संयुग पाण्यात अधिक विरघळणारे बनावे आणि प्रवाहाबरोबर निघून जावे, असा तर्क रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज सुचेल. तो पडताळायलाच हवा. बांबूच्या कोवळ्या कोंबांत टॅक्सिफायलिन असते, त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटते, आणि कोंब बारीक चिरून, भिजवून, उकळून पाणी फेकण्याची रीत त्यावरच उपाय करते. अशा अन्नाचा कच्चा नमुना थेट चंबूत टाकून त्याला ‘विषारी’ ठरवणे हा अभ्यास नव्हे. माणूस जे खातो ते मोजावे, आणि ते खाण्याजोगे होईपर्यंतची प्रत्येक पायरीही मोजावी.

नागलीकडे पुन्हा वळू, कारण तिच्या नावावर सर्वांत जास्त दावे केले जातात. त्या ३६४ मिलिग्रॅमपैकी शरीराच्या हाती किती लागते हा वेगळा प्रश्न आहे. दाण्यातले फायटिक आम्ल आणि टॅनिन ही द्रव्ये कॅल्शियम, लोह, जस्त यांना धरून ठेवतात. नागली भिजवून मोड आणले की दाण्यातलाच फायटेज हा विकर जागा होतो आणि फायटिक आम्ल फोडू लागतो. आंबवल्यानेही तेच घडते. लहान मुलांसाठी केले जाणारे नाचणीचे सत्त्व आणि उन्हाळ्यातली आंबील यांच्यामागचे हे रसायन आहे. पण सत्त्व करताना कोंडा आणि साल गाळून टाकतात. त्याबरोबर किती कॅल्शियम जाते, आणि उरलेले जास्त सहज मिळते म्हणून एकूण हिशेब फायद्याचा पडतो की तोट्याचा, हे एकाच वाणाची भाकरी, आंबील आणि सत्त्व शेजारी शेजारी ठेवूनच सांगता येईल.

भाताची प्रत हा तर या पट्ट्यातला जिव्हाळ्याचा विषय. शेजारच्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कर्जतच्या संशोधन केंद्राने दिलेली ‘कर्जत’ नावाची वाणे इथल्या खाचरांत रुजली. शिजल्यावर दाणा मोकळा राहतो की चिकटतो हे मुख्यतः ॲमायलोज या स्टार्चच्या घटकाच्या प्रमाणावर ठरते. सुवासिक तांदळाच्या वासातले मुख्य संयुग म्हणजे २-ॲसिटिल-१-पायरोलिन, आणि तांदूळ जुना होत जातो तसे ते उडून जाते. गिरणीत किती पॉलिश झाले यावर ब१चे नशीब ठरते. भात आधी उकडून घेतला तर ते कोंड्यातून दाण्याच्या आत सरकते आणि बरेचसे वाचते. जुन्या, मागे पडलेल्या वाणांचे मूठभर बी कोणा शेतकऱ्याच्या कणगीत असेल, तर त्याचे विश्लेषण आधी करावे. नव्या वाणांचे आकडे संशोधन केंद्रांकडे मिळतील, या मूठभर बियांचे कुठेच मिळणार नाहीत.

मोहाबद्दल थोडक्यात. वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. बियांचे तेल थंडीत थिजते, कारण त्यात पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांचा वाटा मोठा. तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीतल्या सॅपोनिनमुळे ती गुरांना तशीच घालता येत नाही.

आता प्रतीच्या दाव्यांविषयी, कारण इथे फसवणूक फार आहे. पालेभाजीत ८५ टक्के पाणी असेल तर शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात पंधरा ग्रॅमच कोरडा भाग उरतो. ताज्या पाल्यातले १८० मिलिग्रॅम कॅल्शियम, पाला वाळवून भुकटी केली की शंभर ग्रॅमला १२०० मिलिग्रॅम होते. काहीही वाढलेले नसते, फक्त पाणी गेलेले असते. शेवग्याच्या पाल्याच्या भुकटीची दुधाशी केलेली तुलना या जातीची असते. कोणी शंभर ग्रॅम भुकटी एका वेळी खात नाही. म्हणून आकडा ताज्या वजनावर आहे की कोरड्या, हे ज्या कागदावर लिहिलेले नाही त्यावर विश्वास ठेवू नये. मधाच्या बाबतीत कायद्याने मर्यादा घालून दिल्या आहेत : ओलावा २० टक्क्यांपर्यंत, आणि मध तापवल्याची किंवा जुना झाल्याची खूण असलेले हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल किलोला ८० मिलिग्रॅमपर्यंत. रानातून मध आणून विकणाऱ्याला या दोन आकड्यांची मोफत तपासणी जवळच्या महाविद्यालयात मिळाली, तर व्यापारी भाव पाडू लागल्यावर त्याच्या हातात बोलायला कागद असेल.

नमुन्याची वही प्रयोगाच्या वहीइतकीच काटेकोर ठेवावी. कोणत्या गावच्या कोणत्या उतारावरून, कोणत्या नक्षत्रात, किती कोवळे असताना खुडले, कोणी ओळखले, घरी कसे रांधतात. टाकळा पहिली कोवळी पाने असतानाच खातात, जून झाल्यावर नाही. तारीख नसेल तर त्याच्या आकड्याला अर्थ नाही. वनस्पतीचा वाळवलेला नमुना जपून ठेवावा, कारण एकाच नावाने दोन गावांत दोन वेगळ्या भाज्या खाल्ल्या जातात. माहिती देणाऱ्या बाईचे श्रेय तिला विचारून, तिच्या संमतीने नोंदवावे. २००२च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीच्या पातळीवर लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवण्याची सोय केली आहे. आपले निकाल त्या वहीत मराठीत पोचले पाहिजेत, शोधनिबंधात जाण्याआधी.

सुरुवात ओलावा आणि राखेपासून करावी, मग कॅल्शियम, मग ऑक्झलेट. दोन आकडे शेजारी आले की कामाचे प्रश्न लगेच सुटू लागतात. आदिवासी भागातल्या गरोदर बायांना आणि लहान मुलांना अंगणवाडीतून शिजवलेला आहार मिळतो. त्या ताटात आषाढात रानातली कोणती भाजी वाढावी, ती किती उकडावी, पाणी टाकावे की ठेवावे, हे आज अंदाजाने ठरते. कुर्डू आणि माठ या दोन भाज्यांपुरते तरी ते मोजून ठरवता येईल, आणि त्याला एक पावसाळा पुरेल.