कळकाचे धनुष्य : सोपाऱ्याच्या भूमीतील एका न टिकणाऱ्या शस्त्राचा इतिहास

वसईचा इतिहास म्हटला की तोफा आठवतात, सुरुंग आठवतात, १७३९ चा वेढा आणि चिमाजी आप्पा आठवतात. किल्ल्याचे बुरूज अजून उभे आहेत, म्हणून ती स्मृतीही उभी आहे. पण तोफ या किनाऱ्यावर येण्यापूर्वी कित्येक शतके येथे दुरून मारा करण्याचे प्रमुख साधन धनुष्य होते. आणि धनुष्याचे दुर्दैव असे, की ते दगडाचे नसते. लाकूड आणि बांबू कोकणच्या पावसात कुजतात. उरलेसुरले वाळवी आणि भुंगा संपवतात. त्यामुळे त्याचा इतिहास इतरत्र शोधावा लागतो : शब्दांत, शिलालेखांत, वीरगळांवर आणि कायद्याच्या कलमांतही. हा थ्रेड त्या शोधाचा.

आरंभ शब्दांपासून करू. 'तिरकामठा' या जोडशब्दातला तीर फारसी आहे, कामठा म्हणजे धनुष्य. आता दिवाळीचा आकाशकंदील आठवा. त्याचा सांगाडा 'कामट्यां'चा असतो. कामटी म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी. धनुष्याचे नाव आणि बांबूच्या पट्टीचे नाव इतके जवळ असावे, यातच पुष्कळ काही आले. 'शर' म्हणजे बाण, आणि शर म्हणजे बोरूसारखे एक गवतही. काव्यात दोरीला 'मौर्वी' म्हणतात, कारण ती मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या तंतूंपासून वळली जाई. शस्त्र नष्ट झाले, पण त्याच्या कच्च्या मालाची यादी भाषेने जपून ठेवली.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ही यादी अधिक शिस्तीने येते. ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये तेथे सांगितली आहेत; दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि स्नायू यांचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात 'धनु' हे लांबीचे मापही आहे : ९६ अंगुळे, म्हणजे सुमारे सहा फूट. हे माप उगाच ठरलेले नाही. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधारे एरियन लिहितो, की भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीएवढे असे आणि ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने रेटून ओढले जाई. त्याच्याही आधी हिरोडोटसने इराणी सम्राटाच्या सैन्यातील भारतीयांच्या हाती वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकांचे वेताचेच बाण असल्याचे नोंदवले आहे. तीन स्वतंत्र साक्षी जुळतात, ही इतिहासात नेहमी मिळणारी चैन नव्हे.

असे धनुष्य घडते कसे? पालघर-ठाण्याच्या जंगलात यासाठी दोन उत्तम द्रव्ये आहेत. एक मानवेल, म्हणजे जवळजवळ भरीव असणारा बांबू. आणि दुसरी धामण, जिचे लाकूड चिवट असून वाकवले तरी सहसा मोडत नाही. वैद्यकाच्या निघंटूंत धामणीला 'धनुर्वृक्ष' म्हटले आहे. (हे नाव बांबूलाही लावले जाते, म्हणून ग्रंथात ते दिसले की घाईने निष्कर्ष काढू नये.) बांबू कोवळा चालत नाही, तीन-चार वर्षांचा, पक्व लागतो. तो पावसाळा संपल्यावर आणि शक्यतो कृष्णपक्षात तोडावा, असा ग्रामीण संकेत आहे. चंद्राचा संबंध असो वा नसो, ऋतूचा निश्चित आहे : बांबूत पिष्ट अधिक असताना तोडला तर भुंगा लवकर लागतो.

मग येते खरी कसोटी. बांबूचे बळकट तंतू सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात. म्हणून साल अखंड ठेवून आतूनच तासायचे. सालीवर कोयत्याचा एक चुकीचा घाव पडला तरी धनुष्य ओढताना नेमके तेथेच तडकते. मध्यभाग, जेथे मूठ येते, तो जाड ठेवायचा आणि टोकांकडे क्रमाने पातळ करत जायचे. वाकडी पट्टी आगीवर शेकून सरळ करायची. त्यानंतर सर्वाधिक वेळखाऊ काम : दोरी चढवायची, थोडे ओढायचे, दोन्ही भुजा सारख्या वाकतात का हे पाहायचे, जी बाजू ताठ वाटेल तिचे थोडे तासायचे, पुन्हा ओढायचे. येथे मोजपट्टी उपयोगी पडत नाही, डोळा आणि हात लागतो. एकदा जास्त तासले की ते परत भरता येत नाही.

दोरीचेही असेच. पश्चिम भारतातील भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्याच पातळ पट्टीची दोरी असते. स्नायूची किंवा तातीची दोरी ओल्या हवेत सैल पडते, बांबूची तितकी पडत नाही. याच ओलीमुळे शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने चिकटवून केलेली मध्य आशियाई पद्धतीची धनुष्ये पावसाळी प्रदेशात अडचणीची ठरत. सरस दमट हवेत मऊ पडतो. मुघल काळातील शस्त्रागारांत पोलादी धनुष्येही आढळतात, त्यामागे हेही एक कारण होते. बांबूचे धनुष्य दरिद्री माणसाचे म्हणून साधे राहिले, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. ते या हवेला दिलेले उत्तर आहे.

आता सोपाऱ्याकडे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ज्या टेकाडात बौद्ध स्तूप उजेडात आणला, त्याला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे बांबूकाम करणारा कारागीर. स्तूपाचे मूळ विसरलेल्या गावाने त्याला बांबूकाराच्या राजाचे नाव द्यावे, हा योगायोग सुंदर आहे; त्यावरून काही सिद्ध मात्र करू नये. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखाचा विषय लक्षात घेण्यासारखा आहे : पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, आपण त्याऐवजी धर्मयात्रा करतो, असे सम्राट सांगतो. राजाची शिकार हा विलास होता, म्हणून तो सोडता आला. रानात राहणाऱ्याची शिकार हे जेवण होते. त्याच्यापुढे असा पर्याय नव्हता.

वसईच्या खाडीपलीकडे, बोरिवलीतील एकसर येथे सहा वीरगळ आहेत. काहींवर जमिनीवरचे युद्ध आहे, काहींवर वल्ह्यांच्या नौका आणि त्यांवर धनुर्धर. अनेक अभ्यासक त्यांचा संबंध १२६५ च्या सुमारास यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या संघर्षाशी जोडतात, ज्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला. काहींच्या मते ते त्याहून जुने आहेत. वाद कायम असला तरी एक गोष्ट शिल्पकाराने निर्विवाद केली आहे : उत्तर कोकणच्या समुद्रयुद्धात धनुष्य निर्णायक मानले जात होते.

बंदुकीने त्याला युद्धातून बाहेर काढले, जंगलातून नाही. वारली चित्रांत धनुष्य ताणलेला शिकारी आजही भेटतो. जंगलातून त्याला काढले ते कायद्याने. १९२७ च्या वन अधिनियमाने 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवत आहे. पण कायद्यात तो झाड ठरला आणि त्याची तोड व वाहतूक परवान्याची बाब झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज मानून त्यावर वननिवासींचा हक्क मान्य केला. वनक्षेत्राबाहेरील बांबू २०१७ च्या दुरुस्तीने मोकळा झाला. दरम्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने 'शस्त्र' या संज्ञेत बंदूक आणि सापळ्यांबरोबर धनुष्यबाणही घातले होते.

क्रीडांगणावर मात्र हेच धनुष्य सन्मानाने उभे आहे. भारतीय तिरंदाजीच्या राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' लाकूड-बांबूच्या धनुष्यावर खेळली जाते. राजस्थानच्या आदिवासी पाड्यात बांबूच्या धनुष्यावर हात बसवलेल्या लिंबारामने १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५७ गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. इकडे वसईच्या पूर्वेला २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य झाले. ज्या डोंगरात मानवेल उगवतो, तेथे लेखी परवानगीशिवाय तिरकामठा घेऊन पाऊल टाकणे आज गुन्हा आहे.