तांबं, शेळ्या आणि सायप्रसचं अरण्य

सायप्रस म्हटलं की डोळ्यांसमोर निळा समुद्र आणि वाळूचे किनारे येतात. मी मात्र त्या बेटावर गेलो तो डोंगर पाहायला. लिमासोलचा किनारा सोडून गाडी उत्तरेकडे चढू लागली, की द्राक्षांचे मळे मागे पडतात आणि पाइनची झाडं सुरू होतात. हा त्रोदोसचा डोंगर. त्याचं सर्वांत उंच शिखर ऑलिंपस, १,९५२ मीटर. हिवाळ्यात तिथं बर्फ पडतो.

हे रान पाहताना वाटतं, इथं कधी कुऱ्हाड पोचलीच नसावी. प्रत्यक्षात माणसानं इतकं वापरलेलं जंगल क्वचितच सापडेल. कारण दडलंय बेटाच्या नावात. रोमन लोक तांब्याला ‘सायप्रसचा धातू’ म्हणत. त्यावरून लॅटिनमध्ये ‘क्युप्रम’ आणि पुढं इंग्रजीत ‘कॉपर’ हा शब्द आला. तांबं वितळवायला लागतो कोळसा, आणि कोळशाला लाकूड. त्रोदोसच्या पायथ्याशी जुन्या भट्ट्यांतल्या मळीचे काळे ढिगारे मी पाहिले. बेटावर अशी मळी सुमारे ४० लाख टन असावी, असा अंदाज आहे.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या एराटोस्थेनिस या विद्वानाचा दाखला स्ट्रॅबोनं दिला आहे. बेटाच्या मैदानांत एके काळी इतकं दाट रान होतं, की शेती करता येईना. भट्ट्यांनी आणि जहाजबांधणीनं लाकूड खाल्लं, तरी रान हटेना. तेव्हा जो जमीन मोकळी करील त्याला ती करमुक्त मालकीनं द्यायचं ठरलं. म्हणजे जंगलतोड हा तेव्हा गुन्हा नव्हता, बक्षीसपात्र काम होतं!

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. भट्ट्या शतकानुशतकं चालल्या, याचा अर्थ तोडलेलं रान पुन्हा उगवत होतं. नुसत्या कुऱ्हाडीनं जंगल मरत नाही. तोडीनंतर कोवळे कोंब वाढू दिले नाहीत, की ते मरतं.

१८७८ साली ऑटोमन सुलतानाकडून सायप्रसचा कारभार ब्रिटिशांकडं आला. तेव्हा भारतीय पलटणीही माल्टामार्गे तिथं उतरल्या होत्या. सॅम्युएल बेकर या प्रवाशानं १८७९ मध्ये बेट पाहिलं आणि पाइनच्या झाडांची नासधूस पाहून तो हळहळला. मग जंगलाची पाहणी करायला इंग्रजांनी कोणाला बोलावलं? हिंदुस्थानच्या वनखात्यातल्या वाइल्ड नावाच्या अधिकाऱ्याला. आपल्याकडचा वनकायदा १८७८ चा, सायप्रसचा १८७९ चा. दोन्हींमागचा विचार एकच: जंगल सरकारचं, आणि त्यात चरणारं जनावर हा त्याचा शत्रू.

आपल्याकडं महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर आणि गायरानं सरकारनं घेतली, मग गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांनी चरायचं कुठं, हा त्यांचा सवाल होता. त्रोदोसच्या धनगरांपुढं नेमका हाच सवाल उभा राहिला. १९१३ साली तिथं शेळ्यांसाठी वेगळा कायदा झाला. आपल्या हद्दीत शेळ्या मोकळ्या सोडायच्या की नाही, हे गावांनी मतदानानं ठरवायचं. अखेर १९३०च्या दशकाच्या शेवटी पाफोसच्या अरण्यातून शेळ्या बाहेर काढल्या गेल्या आणि १९३९ मध्ये ते राखीव झालं.

त्याचा गुण आला, हे कबूल करायला हवं. पाफोसच्या अरण्यात त्रिपिलोस शिखराच्या कुशीत देवदारांची दरी आहे. आखूड पानांचा हा देवदार जगात फक्त सायप्रसमध्येच नैसर्गिकरीत्या वाढतो. त्याच्या सावलीत सोनेरी ओक उभा असतो. पान उलटं केलं की खालची बाजू खरोखर सोन्यासारखी चमकते. १९७४ च्या युद्धात तुर्की विमानांच्या बाँबफेकीनं याच अरण्याचा मोठा भाग जळाला. वनखात्यानं उतारांवर पायऱ्या पाडून तिथं पुन्हा पाइन लावले.

स्ताव्रोस तिस प्सोकास इथल्या वनठाण्यात कुंपणाआड मी ‘मुफ्लॉन’ पाहिला. वळलेल्या शिंगांची ही रानमेंढी. १९३०च्या दशकात मोजकीच उरली होती. शेळ्या गेल्या, शिकार थांबली, तशी ती वाढली. आज सायप्रसच्या युरो नाण्यांवर तिचं चित्र आहे. आणि गंमत अशी, की संशोधकांच्या मते ही मेंढी मूळची रानटी नव्हेच. हजारो वर्षांपूर्वी पहिल्या शेतकऱ्यांनी होडीतून आणलेल्या मेंढ्यांची ती वंशज! ज्या रानातून धनगराची शेळी हाकलली, त्याच रानाचं मानचिन्ह म्हणून धनगराचीच पळालेली मेंढी मिरवते आहे.

पण इतिहास इथं थांबत नाही. डोंगरातली अनेक गावं ओस पडत चालली. द्राक्षांच्या पडीक पायऱ्यांवर झुडपं माजली, वाळकं गवत साचलं. जुलै २०२१ मध्ये त्रोदोसच्या दक्षिण उतारावर वणवा पेटला आणि चार शेतमजूर होरपळून मेले. हे इजिप्तहून पोटासाठी आलेले लोक होते. जुलै २०२५ मध्ये लिमासोलच्या डोंगराळ भागातल्या वणव्यानं आणखी दोघांचा बळी घेतला.

आता भूमध्य सागराकाठच्या अनेक देशांत वणव्याचं खाद्य कमी करायला रानाच्या कडेनं मुद्दाम शेळ्या चारल्या जातात. कालचा आरोपी आज रखवालदार म्हणून कामावर घेतला जातोय! शेळी तीच आहे. किती शेळ्या, कुठं आणि कोणत्या महिन्यात चारायच्या, हे डोंगरात राहणाऱ्या माणसाला विचारून ठरवायला हवं होतं. ते विचारायला आपल्याला दीडशे वर्षं लागली. आणि आता विचारावं, तर उत्तर देणारा माणूसच गाव सोडून शहरात गेला आहे.