भिंतीच्या आतलं ज्ञान : भोपाळ, १९८४

आजचा विषय रसायनशास्त्राचा वाटेल, आणि आम्ही तर तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. पण भोपाळचा इतिहास वाचताना आपण ज्या प्रश्नापाशी येऊन थांबतो, तो रसायनाचा नसून ज्ञानाचा आहे. एखादी गोष्ट कुणालाच ठाऊक नसणं आणि ती कुणाला तरी ठाऊक असून इतरांना न सांगितली जाणं, या दोन अवस्था वेगळ्या आहेत. आपण दोन्हींना ‘अज्ञान’ हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो.

आधी त्या रसायनाची ओळख करून घेऊ. मिथाइल आयसोसायनेट हे त्याचं नाव. युनियन कार्बाइडच्या भोपाळच्या कारखान्यात ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक तयार होत असे आणि त्यासाठी हा द्रव लागत असे. त्याचे तीन गुणधर्म लक्षात ठेवा. एक, तो सुमारे ३९ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणून तो सतत थंड ठेवावा लागतो. दोन, त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असते, म्हणून ती जमिनीलगत पसरते. तीन, त्याची पाण्याशी प्रक्रिया होते आणि त्या प्रक्रियेतून उष्णता बाहेर पडते. बंद टाकीत पाणी शिरलं तर द्रव तापतो, दाब वाढतो, आणि एका मर्यादेनंतर ती प्रक्रिया कुणाच्याच हातात राहत नाही.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री नेमकं हेच झालं. ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे चाळीस टन द्रव होता. तिच्यात पाणी गेलं. कसं गेलं, यावर वाद आहे. नळ धुताना पाणी शिरलं असं एक मत, तर कुणीतरी मुद्दाम घातलं असं कंपनीचं म्हणणं. पण पाणी गेलं, याविषयी दोन्ही बाजूंचं दुमत नाही. आता बघा, असं झालंच तर काय करायचं याची व्यवस्था कारखान्यात होती. टाक्या थंड ठेवणारं शीतयंत्र होतं, ते जून १९८४ पासून बंद होतं. बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याने निष्प्रभ करणारा मनोरा होता, पण त्या दिवसांत तो चालू नव्हता आणि एवढ्या मोठ्या लोंढ्यासाठी त्याची बांधणीही नव्हती. वायू जाळून टाकणारी ज्योतीची चिमणी होती, तिचा एक नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. आणि शेवटचा उपाय म्हणून पाण्याचे मोठे फवारे होते. वायू सुमारे तेहेतीस मीटर उंचीवरून बाहेर पडत होता, आणि फवारे तिथपर्यंत पोहोचतच नव्हते.

या शेवटच्या उपायापाशी जरा थांबू या. फवारे कशासाठी होते? बाहेर आलेल्या वायूला पाण्याने अडवता येतं, म्हणून होते. म्हणजे टाकीच्या आत जे पाणी शत्रू, तेच टाकीच्या बाहेर मित्र. ही गोष्ट कारखाना बांधणाऱ्यांना ठाऊक होती, आणि नळ टाकून, पैसे खर्चून त्यांनी ती प्रत्यक्षात आणली होती.

आता भिंतीच्या पलीकडे जाऊ. समोरच जयप्रकाश नगर, आसपास दाट वस्ती, डिसेंबरची थंडी, माणसं झोपलेली. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग आणि खोकला यांनी लोक जागे झाले. घाबरला जीव धावत सुटतो, तसे लोक धावले. धावताना श्वास खोल जातो, म्हणजे वायूही जास्त आत जातो. कित्येक जण वाऱ्याच्याच दिशेने धावले, म्हणजे ज्या बाजूला वायू चालला होता त्याच बाजूला. धावण्याऐवजी तोंडावर ओला फडका धरणं, वाऱ्याला आडवं होऊन चालत बाहेर पडणं, डोळे भरपूर पाण्याने धूत राहणं, एवढं जरी लोकांना आधी माहीत असतं तर पुष्कळ जीव वाचले असते, असं त्या रात्रीचा अभ्यास करणारे पुन्हा पुन्हा सांगतात. सगळे वाचले असते असं कुणी म्हणत नाही, आपणही म्हणू नये. पण ओला फडका गरिबातल्या गरीब झोपडीतही असतो. त्याला परवाना लागत नाही.

आणि हे ज्ञान भिंतीच्या आत होतं. वाऱ्याची दिशा बघून उलट बाजूला निघायचं, हे कामगारांना ठाऊक होतं. त्या रात्री कारखान्यात हजर असलेले जवळजवळ सगळे कामगार वाचले. त्यांचा जीव वाचला याचा आनंदच आहे. पण भिंतीच्या एका बाजूला ज्यांना सांगितलं होतं ती माणसं आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना सांगितलं नव्हतं ती माणसं, असा फरक झाला. मृतांचा सुरुवातीचा सरकारी आकडाच २,२५९ आहे आणि पुढे तो वाढत गेला. २००६ मध्ये सरकारने दिलेल्या प्रतिज्ञापत्रात बाधितांची संख्या ५,५८,१२५ आहे.

मग इशारा दिला नव्हता का? दिला होता, आणि ही गोष्ट जास्त बोचते. वस्तीला ऐकू जाणारा मोठा भोंगा वाजला, पण काही मिनिटांत बंद केला गेला. लोकांमध्ये घबराट पसरू नये, अशी त्यामागची कार्यपद्धती. पुन्हा तो जोरात वाजला तो दोनच्या सुमारास, तोवर वायू वस्तीत पसरून गेला होता. शिवाय हा भोंगा एरवीही अनेक कारणांनी वाजायचा. भोंगा वाजला म्हणजे काय समजायचं आणि काय करायचं, हे कुणी समजावलंच नसेल तर त्याचा अर्थ काय लागणार? बरेच जण नुसते आवाजाच्या दिशेने बघत राहिले.

इथे आमच्या विषयातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. न्यायदर्शनात ज्ञान मिळवण्याचं एक साधन म्हणजे शब्द, आणि हा शब्द आप्ताचा असावा लागतो. वात्स्यायनाने आप्ताचं लक्षण करताना दोन अटी घातल्या आहेत. त्याला ती वस्तू स्वतः नीट ठाऊक हवी, आणि जशी ठाऊक आहे तशी दुसऱ्याला सांगायची इच्छा हवी. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो, ही कसोटी सगळ्यांना सारखीच. पहिली अट कंपनी पूर्ण करत होती. जगात हे रसायन तिच्याइतकं थोड्याच जणांना माहीत होतं. खोट होती ती दुसऱ्या अटीत.

उलट बाजूने सांगण्याची इच्छा असलेला एक माणूस भोपाळमध्येच होता. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून आपल्या छोट्या साप्ताहिकात या कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहिलं. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तही लिहिलं. त्याच १९८२ साली कंपनीच्याच अमेरिकन पथकाने कारखान्याची पाहणी करून उणिवा नोंदवल्या होत्या. पथकाचा अहवाल भिंतीच्या आत राहिला आणि केसवानींचं लिहिणं भिंतीबाहेर. 

स्टेशनवरचा प्रसंग तर सगळ्यांनी ऐकावा. भोपाळ स्टेशनचे उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी उभी असलेली प्रवासी गाडी वेळेची वाट न बघता पुढे काढली आणि आजूबाजूच्या स्टेशनांना कळवलं की भोपाळकडे गाड्या सोडू नका. वायूचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. पण जेवढं कळलं तेवढं त्यांनी ताबडतोब पुढे सांगितलं, आणि गाडीतली माणसं वाचली. स्वतः त्यांनी पुढे आयुष्यभर त्या वायूचे परिणाम सोसले.

हमीदिया रुग्णालयात हीच अडचण वेगळ्या रूपात आली. रुग्णांची रांग लागलेली, आणि उपचार कशावर करायचे हे डॉक्टरांना कुणी नीट सांगेना. डोळे चुरचुरतील पण जिवाला धोका नाही, अशा अर्थाचं उत्तर कारखान्याच्या बाजूने मिळाल्याच्या नोंदी आहेत. सोडियम थायोसल्फेट द्यावं की नाही, यावर पुढे कित्येक आठवडे वाद चालला. अखेर फेब्रुवारी १९८५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याच्या वापराला अनुकूल मत दिलं.

आणि मग १६ डिसेंबर उजाडला. कारखान्यात उरलेलं मिथाइल आयसोसायनेट कीटकनाशकात बदलून संपवायचं ठरलं. डॉ. एस. वरदराजन आणि त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ देखरेखीला होते, मुख्यमंत्री अर्जुन सिंह स्वतः कारखान्यात जाऊन बसले. मोहिमेला नाव दिलं ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे विश्वास. कारखान्याच्या कुंपणाला गोणपाट लावून ते ओलं ठेवलं होतं आणि हेलिकॉप्टरमधून पाण्याचा शिडकावा चालू होता. नीट ऐका, ओलं गोणपाट. दोन आठवड्यांपूर्वी जो फडका लोकांच्या तोंडावर हवा होता, तो आता कुंपणावर आला होता. काम सुखरूप पार पडलं. पण तोवर लाखो लोक शहर सोडून गेले होते. या वेळी सांगितलेलं खरं होतं, तरी लोकांनी विश्वास ठेवला नाही. ठेवायचा तरी कशाच्या आधारावर?

भोपाळनंतर कायदे बदलले, हेही इतिहासात नोंदवलं पाहिजे. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात ४१-ब हे कलम घालण्यात आलं. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि आसपासच्या जनतेला देणं मालकावर बंधनकारक झालं. १९८९ च्या नियमांनी कारखान्याच्या आतला आणि बाहेरचा असे दोन आपत्कालीन आराखडे आणले. आतल्या आराखड्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी, बाहेरच्याची वर्षातून निदान एकदा. अमेरिकेतही १९८६ साली नागरिकांच्या माहितीच्या हक्काचा कायदा झाला. भिंतीच्या आतलं ज्ञान बाहेर आलं पाहिजे, ही गोष्ट कायद्याने मान्य केली.

मान्य केली, पण पोहोचली का? ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला एल. जी. पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरिनची वाफ बाहेर पडली. बारा माणसं गेली. चौकशी समितीच्या अहवालात आलं की कारखान्यात भोंगा सुरू करण्याच्या छत्तीस जागा होत्या, आणि एकाही जागेवरून तो वाजवला गेला नाही. मधे पस्तीस वर्षांहून अधिक काळ गेला होता, भोपाळपासून मोजला तर.

आपल्याकडेही तारापूर, तळोजा, महाड, लोटे, कुरकुंभ या औद्योगिक वसाहती आहेत. पाणी शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन असतो, बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. ‘वायुगळती झाली तर असं करा’ असा एकच सल्ला सगळीकडे चालत नाही. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून तळघरात न शिरता वरच्या मजल्यावर जायचं. पण गळणाऱ्या क्लोरीनच्या सिलिंडरवर पाणी मारलं तर धातू झिजून गळती वाढते. अमोनियाची वाफ मात्र पाण्याच्या फवाऱ्यात विरघळते. पाणी तेच, पण एका ठिकाणी चालतं आणि दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. म्हणून आपल्या शेजारी काय साठवलंय, त्याचं नाव कळणं गरजेचं आहे. रस्त्यावरच्या टँकरच्या मागे चार अंकी क्रमांकाची पाटी असते, ती याचसाठी. क्लोरीनचा क्रमांक १०१७, अमोनियाचा १००५. अपघात दिसला तर जवळ न जाता, वाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला राहून, लांबून तो क्रमांक वाचता आला तर ११२ वर तोही सांगा. बंब घेऊन येणाऱ्यांना त्यावरून पुष्कळ कळतं.

तेव्हा मंडळी, एक काम आपण सगळ्यांनी करू या. तुमच्या घराजवळ असा कारखाना किंवा साठा असेल, तर ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारू. तिथे काय साठवलंय? भोंगा वाजला तर आम्ही काय करायचं? आणि मागची तालीम कधी झाली, तिच्यात वस्तीतलं कोण होतं? विचारणं हा आपला उपद्व्याप नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. उत्तर मिळायला वेळ लागेल, दोन-चार खेपा होतील. भोपाळच्या लोकांना हे विचारायची संधीच मिळाली नव्हती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.